भुंकणारा पाट

आधी तो चहा संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता आणि बायको अजून मलाच बोलते.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी राहायला रोह्यात, नोकरी धाटावच्या एका कंपनीत, मीटर दुरुस्तीला. शिफ्ट सुटली की पेणला पळायचो, रामवाडीत तात्यांच्या बेंजो पार्टीत. तिथं मी काय वाजवायचो? खुळखुळा. लग्नाच्या वयाचा माणूस, आणि गावोगावच्या हळदीत कोपऱ्यात उभा राहून खुळखुळा हलवतोय. पोरी बघायच्या त्या ऑक्टोपॅडवाल्याकडे. तो एकदाचा दुबईला गेला, आणि मला त्याची जागा हवी झाली.

तात्या म्हणाले, "आरं पन तो ऑक्टोपॅड घेऊन गेला ना. तू वाजवनार कशावर, माज्या टकलावर?"

झालं, मी पेटलो. मुंबईहून एक जुना मिडीचा डबा आणला. मिडी म्हणजे काय, तर नुसता निरोप हो. इथं थाप मारली की वायरीतून निरोप जातो, आणि पलीकडचं यंत्र आपण लावून ठेवलेला आवाज काढतं. ढोल लावा, ताशा लावा, कुत्र्याचं भुंकणं लावा. थाप कशावरही मारा, ढोलच पाहिजे असं नाही.

मी घेतले घरचे जेवणाचे पाट. वाजणाऱ्या ग्रीटिंग कार्डातल्या चकत्या काढून खालून चिकटवल्या, त्यांना थापही कळते, लाल रंग दिला, कडेनं पांढरी नक्षी काढली. आई म्हणाली, "आता पंगत काय हवेत बसवू?" कलावंताला घरातून विरोध व्हायचाच, मी लक्ष दिलं नाही.

तात्यांनी एक हळद दिली. पेणच्या खाडीकाठचं गाव. म्हणाले, "जमलं तर जागा तुजी. नाय जमलं तर खुळखुळा हायेच."

संध्याकाळी लवकर पोचलो. सगळ्यांना दिसावं म्हणून पाट मांडवाच्या मधोमध मांडले. वायरी कोणाच्या पायात येऊ नयेत म्हणून सतरंजीखालून नेल्या. वाद्याची पूजा करायची आमची पद्धत, म्हणून प्रत्येक पाटाला कुंकू लावलं, फुलं वाहिली. सुरुवातीला जरा गंमत करू म्हणून कुत्रा, माणसाचं हसणं असले आवाज लावले, यंत्र स्पीकरला जोडून चालू ठेवलं आणि निश्चिंत मनानं जेवायला बसलो.

आता तुम्हीच सांगा. हळदीच्या मांडवात मधोमध लाल रंगाचे, कुंकू लावलेले, फुलं वाहिलेले पाट दिसल्यावर बायका काय समजतील? मिडी कंट्रोलर?

मी हात धुऊन आलो तर एका पाटावर नवरा आणि शेजारच्या पाटावर त्याची आई. नवरा म्हणजे सहा आसनी विक्रम रिक्षा चालवणारा, पुढची अर्धी सीट एकटाच भरायचा. समोर धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणारी धवलारीण आजी. तिनं सूर लावला, नवरा जरा सरकला, आणि मांडवभर आवाज घुमला. भॉ.

"कुत्रं शिरलं गो मांडवात," आजी म्हणाली. "हाकला कोन तरी."

नवऱ्याचा काका काठी घेऊन आला. "कुठं हाय? दिसत तर नाय." तो वाकून नवऱ्याच्या मागं बघायला लागला. नवरा घाबरून सरकला. भॉ भॉ. काकानं नवऱ्याकडेच संशयानं बघितलं. नवऱ्याच्या आईनं डोळ्याला पदर लावला, ती हुंदक्यानं हलली, आणि तिच्या खालून कोणीतरी खदाखदा हसलं.

मी धावलो. "मावशी, उठा, ते पाट वाजवायचे आहेत."

आजीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हळदीच्या पाटावरनं नवरा उठवाचा नाय. पाट वाजवतो म्हनं. जेवलास ना? मंग गप बस."

मग मी यंत्राकडे रांगत गेलो. वायर उपटायची, इतकं साधं काम. पण ही अक्कल मला दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये आली. त्या रात्री मात्र घाबरून दिसेल ते बटण दाबत सुटलो. कुत्र्याचा घोडा झाला, घोड्याची बंदूक झाली. बंदुकीला काका काठीसकट आडवा पडला. शेवटी कसाबसा ढोल लागला.

नवरा सरकला. धम्म.

तो थांबला. खाली बघितलं. मुद्दाम पुन्हा सरकला. धम्म. आणि त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते काय सांगू. डावीकडे कलला, धम्म, जरा उचलला, धम्म धम्म. आजीच्या धवल्याला बरोबर ठेका बसला. आजीनं गाणं थांबवलं नाही, उलट लय वाढवली. बेंजोवाल्यानं सूर धरला, ढोलकी घुसली, बायका उठून नाचायला लागल्या. हळदीनं माखलेला तो माणूस मांडी न मोडता असा वाजत होता की काकानं काठी टाकून फेर धरला.

मी यंत्राशेजारी उभा. खरं सांगतो, जळलो. सहा महिने मी त्या पाटांवर हात बडवले होते, आणि असं एकदाही वाजलं नव्हतं.

मांडव निवल्यावर तात्या आले. माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, मिळाली जागा.

"पाट झकास हाय रं," तात्या म्हणाले. "जागा भरली."

"म्हणजे मी नक्की ना?"

"तू कसा? नवऱ्याला इचारलं, तो येतो बोलला. त्याच्या बुडात ताल हाय, तो तुज्या हातात पन नाय."

लग्नाचे विधी आटोपून देव उठले तसा तो पार्टीत आला. माझ्याच पाटावर मांडी घालून बसायचा, हातांनी डिशमधली भजी खायचा आणि खालून ढोल वाजवायचा. पोरी टाळ्या पिटायच्या.

मी त्याच्या मागं उभा असायचो. खुळखुळा घेऊन, त्याच्या ठेक्यावर.