हात खाली आले नाहीत

तुमसरकडच्या सिहोऱ्याला बसस्टँडच्या जवळ माझी शिलाईची खोली होती. दोन मशिनी, एक आरसा आणि बायकांना बसायला एक सतरंजी. माप द्यायला आलेली बाई माप देऊन लगेच उठली, असं कधी झालं नाही. सासू, नवरा, पोरीची सोयरीक, सगळं त्या सतरंजीवर बोलून व्हायचं. दिल्लीचा विषय मात्र कोणी काढत नसे. तो काढला वहिनींनी.

वहिनी म्हणजे जवळच्याच एका खेड्यातल्या माजी सरपंच. बौद्ध वस्तीतल्या, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. बायकांसाठी राखीव जागा आली म्हणून त्या निवडून आल्या होत्या. सुरुवातीला लोक त्यांच्या नवऱ्यालाच सरपंच म्हणत, आणि तेही खुशाल खुर्चीत बसत. एका सभेत वहिनी सगळ्यांसमोर त्यांना म्हणाल्या, "तुमी घरी जाऊन म्हशीले पाणी पाजा. इथलं मी पाहते." त्या दिवसापासून खुर्ची त्यांची झाली.

लोकसभेत बायकांसाठी जागा राखून ठेवायचं विधेयक तेव्हा कित्येक वर्षं अडून पडलं होतं. खासदारकीची निवडणूक जवळ आली तशी वहिनी एकदा ब्लाऊज घ्यायला आल्या आणि बसूनच राहिल्या.

"गावात आमाले खुर्ची भेटली तं नळ आला, शाळेले संडास झाला," त्या म्हणाल्या. "दिल्लीत काहून नाही भेटत? आता मत मागायले येतील तं विचारायचं."

मी मशीन थांबवून हसले. "वहिनी, दिल्लीचं आपल्याले काय करायचं आहे? आपलं कोण ऐकते?"

"विचारलं कधी?"

मी मशीन सोडून त्यांच्याजवळ सतरंजीवर येऊन बसले.

पहिल्या बैठकीला जागेवरूनच अडलं. विहारात बसू म्हटलं तर शेतकरी घरातल्या काही जणी आल्या नाहीत. मारुतीच्या पारावर बसू म्हटलं तर वस्तीतल्या बायका म्हणाल्या, तिथे आमाले कोणी मानानं बसवलं नाही कधी. शेवटी वहिनी म्हणाल्या, "शिलाईच्या खोलीत बसू. ब्लाऊज तं साऱ्याच शिवतात." म्हणून माझी खोली झाली आमचं ऑफिस. खोली पुरेना तेव्हा सतरंजी बाहेर कडुलिंबाखाली गेली. या पक्षाच्या, त्या पक्षाच्या, कुठल्याच नाही अशा, सगळ्या जणी एका सतरंजीवर. मत कोणाला द्यायचं ते बोलायचंच नाही, एवढा एकच नियम.

माझ्या सासूबाईंना हे सगळं पटत नव्हतं. सकाळी मोहफुलं वेचून आल्या की टोपली आदळून म्हणायच्या, "बायकाईले बसायले जागा पाह्यजे म्हणे! घरात जागा कमी आहे का?" मी टोपली उचलून फुलं वाळत घालायची. मला घरातही बोलता येत नव्हतं, तिथे सभेत काय बोलणार?

पहिले उमेदवार आले तेव्हा आमची चांगलीच फजिती झाली. त्यांचं भाषण संपल्यावर वहिनी उठल्या आणि प्रश्न विचारू लागल्या. स्टेजवरच्या माणसाने भोंग्यावर गाणं लावून दिलं. वहिनींचे ओठ हलताना दिसत होते, आवाज कोणालाच ऐकू आला नाही. उमेदवार हात जोडत गाडीत बसले. माणसं हसली.

दुसऱ्या दिवशी खोलीत सगळ्या तोंड पाडून बसल्या होत्या. मी ब्लाऊजच्या बाहीचं माप घेत होते. त्या बाईने हात वर धरला होता आणि मी कालच्याच विचारात तिला हात खाली घे म्हणायला विसरले. ती बिचारी तशीच उभी. वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या.

"आवाज भोंग्यानं दाबता येते," त्या हळूच म्हणाल्या. "वर केलेला हात कायनं दाबतील?"

पुढचे काही दिवस आम्ही आसपासच्या गावांत फिरलो. कधी एसटीने, कधी बांधाबांधाने पायी. सगळीकडे सांगायचं एवढंच की सभेला न्यायला उमेदवाराचा ट्रॅक्टर येईल, खुशाल बसा, समोर जागा धरा. वहिनींनी पदर डोक्यावर घेतला की उजवा हात वर करायचा. उत्तर मिळेपर्यंत खाली घ्यायचा नाही. ते स्वतः विचारेपर्यंत बोलायचं कोणीच नाही.

दुसऱ्या उमेदवाराची सभा बाजाराच्या मैदानात होती. उन्हं कलली होती तरी जमीन तापलेलीच होती. गर्दी दिसावी म्हणून ट्रॉल्या भरभरून बायका आणल्या होत्या आणि नेहमीसारख्या समोरच बसवल्या होत्या. सासूबाईही आल्या होत्या. "सारे चालले तं मी एकटी घरी काय करू?" म्हणत त्या ट्रॉलीत चढल्या आणि पहिल्याच रांगेत जाऊन बसल्या.

भाषण रंगात आलं. उमेदवार म्हणाले, "माझ्या माय-बहिणींसाठी मी जीव द्यायला तयार आहे!"

वहिनींनी पदर डोक्यावर घेतला.

एकदम सगळे हात वर गेले. हिरव्या बांगड्यांचे, काळ्या दोऱ्याचे, गोंदलेले, पार मागच्या रांगेपर्यंत. उमेदवारांना वाटलं, बायका खूष झाल्या. त्यांनीही हात हलवला. पण आमचे हात हलेनात आणि कोणी घोषणाही देईना. त्यांचं वाक्य अर्धवट राहिलं. मागची माणसं उभी राहून बघू लागली.

"काय झालं, माय? काही पाहिजे का?" त्यांनी माईकवर विचारलं.

आता त्यांनीच विचारलं होतं, म्हणून भोंग्यावर गाणं लावायची कोणाची हिंमत झाली नाही. वहिनी उठल्या. "भाऊ, लोकसभेत बायकाईच्या जागेचा कायदा आला तं तुमी त्याच्या बाजूनं मत द्यान का?"

"त्याचं धोरण पक्ष ठरवतो, ताई."

"पक्षाले नाही विचारलं. तुमाले विचारलं."

कुठेतरी एक माणूस हसला, पण या वेळी आम्हाला नव्हे. उमेदवार घाम पुसत पहिल्या रांगेकडे वळले. तिथे माझ्या सासूबाई हात ताठ वर करून बसल्या होत्या.

"आजी, हात खाली घ्या. दुखेल."

सासूबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "दिवसभर वाकून धानाचा रोवणा करते हा हात, बाबू. असा नाही दुखत. तू सांग पहिले."

सगळं मैदान हसलं. मागे उभी राहून बघणारी माणसंही हसली. उमेदवारही हसले, मग गंभीर झाले. "देईन," ते म्हणाले. "बाजूनेच मत देईन."

हात तसेच.

"माईकात सांगा, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "मांगं ऐकू नाही आलं."

त्यांनी माईक तोंडाजवळ घेतला आणि स्पष्ट, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं. तेव्हा हात खाली आले, आणि शेकडो बांगड्यांचा असा काही आवाज झाला की माझ्या अंगावर काटा आला. घरी येताना ट्रॉलीत लग्नातली गाणी सुरू झाली. सासूबाई सगळ्यांत मोठ्याने गात होत्या.

तिसरे उमेदवार आले तोवर ही गोष्ट तुमसरच्या पलीकडे गेली होती. त्यांनी माईक हातात घेतला आणि नमस्काराच्याही आधी म्हणाले, "माय-बहिणींनो, तुम्ही हात वर करायच्या आधीच सांगतो, मी बाजूने आहे!" आम्ही पोट धरधरून हसलो. ज्यांच्या सभेत गाणं लावलं होतं, त्या पहिल्या उमेदवारांचीही जीप दोन दिवसांनी माझ्या खोलीसमोर येऊन थांबली. सतरंजीवर बसून, चहा घेऊन त्यांनी होकार दिला. वहिनी म्हणाल्या, "इथं नाही, बाजारात सांगा." त्यांनी बाजारात सांगितलं.

मग जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या लाखांदूरहून निरोप आला, तिकडच्या बायकांना समजावून सांगायला या. दोन एसट्या बदलून आम्ही गेलो. शाळेचा व्हरांडा बायकांनी भरला होता. वहिनींचा घसा बसला होता. त्या माझ्याकडे वळून खरखरत्या आवाजात म्हणाल्या, "तू सांग."

"मले नाही येत, वहिनी."

"तू होतीस ना तिथं? मंग जे झालं ते सांग."

मी उठले. पहिली दोन वाक्यं भिंतीकडे बघूनच सांगितली. पण सांगत सांगत बांगड्यांच्या आवाजापर्यंत आले तेव्हा भिंत विसरले होते, आणि समोर एक म्हातारी मधूनच ओरडली, "अव माय, मंग तो काय बोलला?" मी सांगत गेले, त्या हसत गेल्या.

कायदा व्हायला त्यानंतर पुष्कळ वर्षं लागली. झाला, तरी जागा प्रत्यक्ष मिळायला अजून वेळ आहे म्हणतात. कोणी म्हणतं, तुमच्या हातांनी काय झालं? मी वाद घालत नाही. मला आठवतं, लाखांदूरहून परतीच्या एसटीत वहिनी खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या, आणि मी शेजारच्या अनोळखी बाईला पुढच्या सभेला येशील का, हे कंडक्टरलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारत होते.