वीस तारखेची वही

आप्पांना बेळगावात सरकारी कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि आम्ही निपाणी सोडली. मी तेव्हा चौथीत होते. निपाणीत आई विड्या वळायची. दर शनिवारी कारखान्यात विड्या मोजून घेत, वाईट निघालेल्या बाजूला काढत आणि उरलेल्याचे पैसे हातावर ठेवत. त्याच पैशातून आई रविवारी आठवड्याचा बाजार करायची. पावशेर तेल, अर्धा शेर तूरडाळ, पुडीतली चहापत्ती. आठवड्यापलीकडचा विचार करायची तिला कधी वेळ आली नव्हती, आणि तशी सोयही नव्हती.

बेळगावात पगार महिन्याचा. पहिल्या पगाराच्या नोटा आप्पांनी आईच्या हातात दिल्या तेव्हा ती घाबरलीच. एवढे पैसे एकदम तिनं पाहिले नव्हते. अठरा तारखेला त्यातला एक रुपया शिल्लक राहिला. आप्पा कचेरीपर्यंत चालत जाऊ लागले आणि आई म्हणाली, "शनवारचा पगार बरा हुता. उपास पडला तरी शनवारपतोरच पडायचा."

आम्ही वडगावात एका विणकर कुटुंबाच्या मागच्या खोलीत राहत होतो. घरमालकीण आक्का कानडी बोलणारी, पण मराठीही चांगलं यायचं. पुढच्या खोलीत तिचा माग दिवसभर चालायचा. आमच्या चुलीचा धूर दोन दिवस दिसला नाही म्हणून ती मागं आली आणि आईला हाताला धरून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात घेऊन गेली. दुकानदार अण्णांना म्हणाली, "हे आमच्याकडं राहतेत. सरकारी पगार हाय. वही घाला यांची." अण्णांनी आमचं नाव, गाव विचारलं आणि एक कोरी वही काढली.

दुकानाचा नियम सोपा होता. महिनाभर सामान न्यायचं, वहीत मांडायचं. वीस तारखेला वहीची बेरीज व्हायची आणि तिची चिठ्ठी घरी यायची. ते पैसे पुढच्या पाच तारखेच्या आत द्यायचे. आईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे चिठ्ठी मी वाचायची.

दिवाळी जवळ आली त्या महिन्यातली गोष्ट. आईनं यादी सांगितली, मी लिहिली. तेलाचा डबा, हरभराडाळ, रवा, गूळ. बेळगावातली आमची पहिली दिवाळी होती आणि निपाणीहून मामा येणार होते. रिकामा डबा घेऊन आम्ही दोघी दुकानात गेलो. अण्णा बाजारपेठेत माल आणायला गेले होते. त्यांची म्हातारी आई गल्ल्याशेजारी चिंच फोडत बसली होती. सगळी गल्ली तिला आज्जी म्हणायची. तिला मराठी येत नव्हतं आणि आईला तेव्हा कानडी येत नव्हतं. आज्जीनं यादी पाहिली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं आणि हात हलवून म्हणाली, "नाळे बा."

एवढं कानडी आम्हाला समजत होतं. उद्या ये.

आईचा चेहरा मी बाजूनं पाहिला. तिनं डबा उचलला आणि वळली. शेजारच्या बायका सामान घेत होत्या, त्यांना कुणी उद्या ये म्हणालं नव्हतं. घरी आल्यावर तिनं डबा कोपऱ्यात ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. निपाणीत तिच्या लहानपणी एका दुकानात त्यांच्या वस्तीतल्या लोकांनी पैसे पायरीवर ठेवायचे आणि पुडी वरून ओंजळीत झेलायची, असं होतं. ते तिनं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. "कुणीतरी सांगितलं असंल तिला, आपण कोण ते," ती म्हणाली. "उद्या जायचं न्हाय. परवाबी न्हाय."

आप्पा संध्याकाळी म्हणाले, "अगं, माल नसंल दुकानात."

"डबं दिसत हुतं मला."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात काठीचा आवाज आला. घरमालकीण आक्काचा हात धरून आज्जी स्वतः आली होती. धापा टाकत ती उंबऱ्यावरच बसली आणि भराभरा कानडीत बोलू लागली. रागावलेली दिसत होती. आक्का ऐकता ऐकता हसायला लागली.

"अगं, त्या दिवशी वीस तारीख हुती की!" आक्का आईला म्हणाली. "त्या दिवशी एवढं सामान घेतलं असतंस तर त्याच रात्री बेरजेत गेलं असतं. पाच तारखेला सगळं भरायला लागलं असतं. दुसऱ्या दिवशी घेतलं की पुढच्या महिन्याच्या वहीत. दीड महिना मिळतो. म्हातारी विचारतीया, नाळे बा म्हटलं तर आली का न्हाय? तुझं सामान बांधून ठेवलंय तिनं."

आई उभीच राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि चुलीकडं वळली. मला वाटलं रडते आहे, पण ती चहाचं आधण ठेवत होती. साखर नव्हती, गूळ होता. आज्जीनं आमच्या कपातून तो गुळाचा चहा फुंकून फुंकून प्यायला आणि अजून अर्धा मागितला. आईनं तिला दिला.

पुढं माझ्या लक्षात आलं की आज्जी हे ज्याला गरज आहे त्या प्रत्येकाला सांगायची. अण्णा दुकानात असले की गप्प बसायची. अण्णांनाही ते माहीत असणार, पण त्यांनी आज्जीला कधी अडवलं नाही.

त्या दिवसापासून आमचं घर तारखांवर चालू लागलं. एकवीस तारीख म्हणजे आमचा बाजार. डाळ, तेल, साबण, माझ्या वह्या, सगळं एकवीसला. पंधरा ते वीस म्हणजे आहे त्यात भागवायचं. मामा एकदा एकोणीसला आले आणि पिठलं पाहून म्हणाले, "ताई, सरकारी नोकरीवाल्यांच्यात असलं जेवण?" आई म्हणाली, "दोन दिस ऱ्हा की रं. परवा पुरणपोळी घालतो." मामा खरोखर राहिले.

पण एक वर्ष आई या सवलतीला भुलली. दीड महिना लांब वाटतो, म्हणून एकवीसला जरा जास्तच घेतलं, पुढच्या एकवीसला आणखी. वीस तारखेला चिठ्ठी वाचली तर पगाराच्या वर आकडा. आप्पांनी कचेरीतल्या सोबत्याकडून उसने आणले. आई मला म्हणाली, "तारीख पुढं गेली म्हणून पैसं कमी हुईत न्हाईत. फकस्त पुढं जाऊन हुबं ऱ्हात्यात." तेव्हापासून एक तारखेला पगार आला की आधी दुकानाचे पैसे पावडरच्या रिकाम्या डब्यात जायचे. मगच बाकीचं.

मी नववीत असताना आप्पा रेल्वे फाटकाजवळच्या उतारावर सायकलवरून पडले. पाय मोडला. नोकरी अजून कायम झाली नव्हती, त्यामुळे दोन महिने पगार मिळणार नव्हता. तीस तारखेलाच आई मला घेऊन दुकानात गेली. मी म्हटलं, पाच तारीख तर होऊ दे. ती म्हणाली, "चुकल्यावर सांगायचं न्हाय. आधी जाऊन सांगायचं."

आता तिला कानडी येत होतं. तिनं अण्णांना सगळं सांगितलं. अण्णांनी वही उघडली, थोडा वेळ पाहिली आणि विचारलं, "तीन हप्ते चालतील?"

"चालतील. पर वही बंद करू नका. नुसतं ज्वारी आणि डाळ घेतो."

"तेल?"

"तेल नको."

आतून आज्जीचा आवाज आला. तिला आता नीट दिसत नव्हतं, पण ऐकू चांगलं येत होतं. पाय जुळायचा असेल तर तेल पाहिजे, असं ती म्हणाली. अण्णांनी तेल लिहिलं.

आई त्या दोन महिन्यांत घरमालकीण आक्काच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायला लागली. विड्या वळून तिची बोटं तयारच होती. सूत तुटलं की ती इतक्या चटकन गाठ मारायची की आक्का म्हणायची, "आधीच का न्हाय गं सांगितलंस?" आप्पा प्लास्टरचा पाय बाजेवर ठेवून मला गणितं घालायचे. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतच, त्यामुळे नववीची गणितं मी त्यांना शिकवायची आणि तीच ते मला परत विचारायचे. तिन्ही हप्ते वेळेवर गेले. पुढच्या वर्षी आप्पा कायम झाले. आज्जी त्याच उन्हाळ्यात वारली. आई गल्लीतल्या बायकांबरोबर गेली आणि दुकानदारांच्या घरातल्या बायकांत बसली. तिला कुणी बाजूला बस म्हटलं नाही. संध्याकाळी घरी येऊन ती म्हणाली, "मला मधी बसवून घेतलं गं त्यांनी."

मी शिक्षिका झाले. पहिला पगार काकतीच्या शाळेत मिळाला. मी आईला म्हटलं, आता दोन पगार आहेत घरात. उधारी कशाला? रोखीनं घेऊ या, बाजारपेठेत स्वस्तही मिळतं.

आई ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"रोखीनं घेतलं की माणूस सामान देतंय आन् मोकळं हुतंय," ती म्हणाली. "आपल्याला कुणी वही घातली न्हवती, तवा त्यांनी घातली. ती मी कशी बंद करू?"

मी पगारातले पैसे तिच्या हातात दिले. तिनं त्यातले मोजून वेगळे काढले, कमरेला खोचले आणि चपला घातल्या. पाच तारखेला अजून दोन दिवस होते.