निलगिरीचं तेल आणि हलणारा पाय
निलगिरीच्या तेलाचा वास आला की अमेरिकेत पिस्कॅटवेला आमच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा उंच ऑस्ट्रेलियन आठवतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बास्केटबॉल खेळून तो पोट भरायचा, पण गुडघा दुखावला होता. टीम त्याला ठेवणार की काढणार, ते आमच्या फोनवर कळणार होतं. गुडघ्याला तेल चोळून तो माझ्या स्वयंपाकघरात बसला आणि चांगला पाय असा हलवायला लागला की टेबलावरचे मटार घरंगळले. "पाय हलवू नकोस मेल्या, घरात अवदसा येते!" मी ओरडले. मुलगा म्हणाला, "आई, त्याला मराठी कुठे कळतंय?" "डोळे वटारलेले कळतात ना?" फोन वाजला. त्याने ऐकून घेतलं, ओके म्हणाला आणि पाय थांबला. टीमने काढलं होतं. आज माझ्या गुडघ्याचं काय करायचं ते डॉक्टर फोनवर सांगणार आहेत. तेल लावून बसले आहे. चांगला पाय हलतोय. हलू दे.