समुद्रातला वारा आणि आमचं खळं

मंडळी, आज दुपारी सोनाळ्यात आमच्या खळ्यावर काकू स्टुलावर उभी राहून हरभरा उपणत होती. भुसा सोनेरी धुरासारखा तरंगत होता.

मी मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. समुद्रात पवनचक्क्या उभारायला सरकार जागा वाटून देणार आहे, त्याचे नियम ठरतायत.

काकूनं टोपलं थांबवलं. "पुढच्या चक्कीनं वारा अडवला, तर मागच्याले काय उरते रे?"

मी बातमी परत वरून वाचायला लागलो.

तेवढ्यात मागच्या खळ्यावर शेजारचे रशीदभाऊ टोपलं घेऊन आले. काकू उतरली आणि तिनं आपलं स्टूल त्यांच्या वाऱ्याच्या वाटेतून बाजूला सरकवलं. "रशीदलेबी वारा पायजे ना."

मी समुद्र अजून पाहिलेला नाही. पण डोळे मिटले की लाटांवर उभ्या पांढऱ्या चक्क्या दिसतात.

इथं काकूला बाजूला व्हायला कुणी सांगितलं नाही. तिथं पुढच्या चक्कीला कोण सांगेल?