माझ्या नावाची बोंब

परवा आमच्या गल्लीत होळी पेटली आणि माझ्या नावानं बोंब काही होईना.

तुम्ही म्हणाल, बरंच झालं की. पण या गल्लीत राहायला आल्यापासून दर होळीला "तिकीटवाल्या मॅडमच्या नावानं..." अशी आरोळी उठते, सगळी गल्ली तोंडावर उलटा हात मारते, आणि मी खिडकीतून एकेकाचे संस्कार काढते. नोकरी रेल्वेच्या रिझर्वेशन काउंटरवर झाली, म्हणून मी तिकीटवाली.

आणि यंदा चिडीचूप... पण संशय मला आधीपासूनच येत होता.

बसवराज हा आमच्या होळीचा पुढारी. चिंचोळी एमआयडीसीत कामाला, आवाज कारखान्याच्या भोंग्याचा. वर्गणी मागत आला आणि मी पर्स काढल्यावर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मॅडम, तुमी कशाला?" गेल्या वर्षी याच गृहस्थानं माझ्या अंगणातली खुर्ची होळीत घातली होती आणि वर मलाच विचारलं होतं, "दुसरी हाय का?"

समोरच्या वहिनी वर्षभर माझ्याशी नळाच्या पाण्यावरून भांडतात. त्यांनी वाटीभर खीर पाठवली. वर ड्रायफ्रूट! पोरांनी क्रिकेटचे स्टंप माझ्या भिंतीपासून हलवले, तेही मी न ओरडता. काउंटरमागे आयुष्य गेलंय माझं. कारणाशिवाय गोड बोलणारा माणूस मला काचेपलीकडूनही ओळखू येतो.

कारण एकच असू शकत होतं. मध्यंतरी माझ्या छातीत एक गाठ सापडली. तुकडा तपासायला गेलाय, रिपोर्ट यायचाय. (मुलीला काल रात्री सांगितलंय, म्हणून आज इथे लिहितेय. नातेवाइकांनी फोन करू नयेत.)

होळीपर्यंत हे मी फक्त एका व्यक्तीला सांगितलं होतं... शेजारच्या राजम्माला. तिच्या घरी यंत्रमाग आहेत, त्यांच्या खडखडाटात मी भांडूनच झोपायला शिकले. हॉस्पिटलमध्ये सोबत कोणीतरी हवं म्हणाले, म्हणून तिला नेलं. कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांच्या विणकरांच्या देवाची, मार्कंडेयाची शपथ घालून नेलं.

तिला विचारलं, तर म्हणाली, "अय्यो अक्का! माझ्या तोंडातून एक शब्द न्हाय." हे सांगताना ती माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होती.

होळीच्या दुपारी मुलीचा झुरिकहून व्हिडिओ कॉल आला. तिला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, मीही पुरणाच्या गप्पा लावल्या होत्या. ती सांगत होती, त्यांच्याकडे थंडी संपताना एक भलामोठा हिममाणूस करतात, त्याच्यात फटाके भरतात आणि भर चौकात जाळतात. डोकं जितकं लवकर फुटेल, तितका उन्हाळा चांगला म्हणे! तिच्या ऑफिसातली पोलंडची मुलगी म्हणते, आमच्याकडे हिवाळा म्हणून गवताची बाई करून वाजतगाजत नेतात आणि नदीत बुडवतात. परतताना मागे वळून बघायचं नाही. जपानी शेजारीण तर हिवाळा सरताना भाजलेले सोयाबीन राक्षसाला फेकून मारते आणि "बाहेर हो" म्हणून ओरडते.

मला आमच्या कॉन्व्हेंटमधल्या जर्मन सिस्टर आठवल्या. शिमग्याला त्या वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायच्या आणि आमच्या रानटीपणावर बोलायच्या. एकदा बोलता बोलता त्यांच्याच तोंडून निघून गेलं, की त्यांच्या गावातही थंडी घालवायला लोक मुखवटे घालून पातेली बडवायचे. मग गडबडीनं व्याकरणाचं पुस्तक उघडलं.

आता सोलापूरला हाकलण्याजोगी थंडी असते कुठे? होळीला आमचा पंखा फुल स्पीडवर असतो. तरी आम्ही बोंबलतोच.

फोन ठेवला आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना. हिवाळ्याला कोणत्याच देशात हळू आवाजात निरोप देत नाहीत. ज्याला घालवायचं, त्याच्या नावानं ओरडतात. हळू बोलतात ते, जो जाणारच आहे त्याच्या उशाशी...

आणि आठवडाभर सगळे माझ्याशी हळू बोलत होते.

दिवेलागणीला होळी पेटली. टाकीचं पाणी वेळेवर न सोडणाऱ्या तात्यांच्या नावानं बोंब झाली, नगरसेवकाच्या नावानं झाली, बसवराजच्या सासऱ्याच्या नावानंही झाली. मग बसवराजनं माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि नारळ फोडायला घेतला.

मी घरातल्या स्लिपरवरच बाहेर गेले.

"बसवराज, माझं नाव कुठाय?"

"ऱ्हाऊ द्या की मॅडम. तुमी आराम करा."

"का? मेले का मी?"

"तसं न्हाय ओ..." एवढा भोंगा, आणि नारळाची शेंडी सोलत बसला. गल्ली होळीकडे बघत उभी. समोरच्या वहिनींनी पदर डोळ्याला लावला, आणि मला भयंकर संताप आला.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक चिरकी, रडवेली आरोळी आली. "तिकीटवाल्या अक्काच्या नावानं..."

राजम्मा. जिनं आजवर एकदाही बोंब मारली नव्हती. कोणी साथ देईना, तशी ती तेलुगूत सगळ्यांवर खेकसली आणि पुन्हा ओरडली. मग बसवराजचा हात तोंडावर गेला, पोरांचे गेले, वहिनींचाही गेला... आणि अशी बोंब उठली, की यंत्रमागही ऐकू येईनात.

मी तिथेच उभी राहून सगळ्यांचे संस्कार काढले. बसवराजच्या पूर्वजांपर्यंत गेले. फार बरं वाटलं.

गुपित कोणी फोडलं, हे काही राजम्माला विचारायची गरज राहिली नाही. ती एवढंच म्हणाली, "रिपोर्टला मीच येणार. दुसऱ्या कुणाला न्यायचं न्हाय."

उद्या जातोय आम्ही दोघी. रिपोर्टमध्ये काय असेल ते असेल. ज्यांनी माझ्या नावानं घसा बसवून घेतला, त्या सगळ्यांची मी मनापासून आभारी आहे. यापुढेही माझ्याशी मोठ्यानंच बोला.