अर्धा पत्ता

पोस्टातल्या पार्सलच्या खिडकीवरच्या कारकुनाने मावशींना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याला वाटलं, डोंगरच रांगेत उभा आहे. तो डोंगर म्हणजे मावशींनी विणलेल्या साठ जोड लोकरी मोज्यांचं गाठोडं होतं. आघाडीवर त्यांच्या लेकाचे पाय थंडीने गारठत होते.

“पत्ता सांगा.”

“आणि शत्रूने ऐकला तर?”

“अहो मावशी, मी काय शत्रू दिसतो?”

“दिसला तर तो शत्रू कसला, बाळा?”

शेवटी मावशींनीच तोडगा काढला. अर्धा पत्ता त्याच्या कानात सांगितला, अर्धा शेजारच्या तिकीटवाल्याच्या, आणि एकमेकांना न सांगण्याची शपथ दोघांना घातली. दोघेही कट्टर देशभक्त. रोज गाठोड्याकडे बघत ते ओठ घट्ट मिटून बसायचे.

युद्ध संपल्यावर लेक स्वतःच येऊन गाठोडं घेऊन गेला. तेव्हा उन्हाळा होता.