सोडलेला नळ

वजन कमी करायचं इंजेक्शन सुरू करताना डॉक्टरांनी बजावलं होतं: थोडं थोडं खा, तळकट बंद, पोट भरलं की पुढचा घास घ्यायचा नाही. मळमळेल, पण सवय होईल. उलट्या थांबल्याच नाहीत तर लगेच फोन करा. मी सगळं पाळत होतो. फक्त आईला सांगितलं नव्हतं, आणि बायकोलाही तोंड उघडू दिलं नव्हतं. चरबी उतरवायला सुई टोचून घेतो म्हटलं असतं, तर आईनं तुर्भ्याचं घर डोक्यावर घेतलं असतं.

डोस वाढला आणि ताटात निम्मी भाकरी उरायला लागली. आई त्या तुकड्याकडे बघत राहायची. तिला काय आठवतंय ते मला कळायचं. वडिलांचा पोटाचा कॅन्सर अशाच निम्म्या भाकरीनं सुरू झाला होता.

एके दिवशी बायको चिडून म्हणाली, "आई रात्रीच्या जेवत नाहीत. तुम्ही अख्खी भाकरी खाईपर्यंत जेवणार नाही, असं गावच्या देवीला बोलल्यात."

खरं सांगून टाकायचं सोडून मी त्याच दुपारी आईसमोर बसून अख्खी भाकरी पाण्याबरोबर ढकलली. तिनं हात जोडले. पाच मिनिटांत सगळं वर आलं. मी बाथरूममध्ये पळालो, आवाज जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडला आणि भडाभडा ओकलो.

दार उघडलं, तर आई बाहेरच उभी होती.

"तुझं वडीलबी," ती म्हणाली, "असाच नळ सोडायचं."